डावी बाही

१

मला एक खोड आहे. कुणाच्याही अंगातला शर्ट बघितला की तो उसवून आत काय केलंय ते बघावंसं वाटतं. लग्नात, बसमध्ये, कुठंही. अव्वा म्हणते, तुझी जीभ आणि तुझी कात्री, दोन्ही जरा म्यानात ठेव गं लीले. अव्वा म्हणजे माझी आई, सावित्रम्मा. काचबिंदूनं तिची नजर गेली, उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मी शिवलीला, वय सेहेचाळीस, धंदा गणवेश शिवायचा.

सोलापुरात बाळीवेशीजवळ आमचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत दोन मशिनी, एक ओव्हरलॉक, कटिंगचं टेबल. आतल्या खोलीत स्वयंपाक आणि अव्वाची खाट. आत जायच्या दाराशेजारच्या भिंतीवर माणूसभर उंचीचा आरसा आहे, बंद पडलेल्या एका टेलरकडून घेतलेला. तो बरोबर रस्त्याच्या दाराकडं तोंड करून आहे. त्यामुळं आमच्याकडं येणारा माणूस आधी स्वतःला भेटतो, मग मला.

दर दिवाळीत मी एक शर्ट शिवते, माझ्या भावासाठी. महेश्वर त्याचं नाव, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. भाऊबीजेला पाट मांडते, पाटावर शर्ट ठेवते, शेजारी निरांजन लावते. ओवाळत नाही. कापडाला काय ओवाळायचं? संध्याकाळी घडी घालून शर्ट ट्रंकेत टाकते. आठ शर्ट झाले होते ट्रंकेत. यंदाचा नववा.

कारण सांगते, लपवायचं काय त्यात. मी नातेपुत्याचं सासर सोडून माहेरी आले होते. त्या वर्षीच्या भाऊबीजेला महेश पाटावर बसला, मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ताट उचललं, आणि हा म्हणाला, "अक्का, नातेपुत्याला परत जा की. लोक विचारायलेत." डोकंच फिरलं माझं. "तुझ्यासाठी दिवा नाही माझ्याकडं," असं म्हणून मी ताट घेऊन आत गेले आणि आतनं कडी लावली. तासाभरानं कडी काढली तर पाटावर नुसत्या अक्षता होत्या. चिंचोळी एमआयडीसीत त्याची दुसरी पाळी होती. तिथं तो पोचलाच नाही. पोलिसात दिलं, पंढरपूर, पुणे, हुबळी, सगळीकडं फिरले. नऊ वर्षं झाली.

पहिला शर्ट मी रडत शिवला होता, कॉलर हातानं घातली होती. मग दरवर्षी जरा जरा कमी झालं. यंदा तर चिंचोळीच्याच एका कारखान्याच्या चारशे गणवेशांची घाई होती, म्हणून त्याच निळसर कापडाच्या, आधीच कापून ठेवलेल्या थरातले तुकडे उचलले आणि अर्ध्या तासात शर्ट उभा केला. भाऊबीजेला सकाळी इस्त्री करताना लक्षात आलं, डावी बाही एक इंच लांब आहे. उजवी चाळीस नंबरची, डावी बेचाळीसची. थरातले तुकडे मिसळले होते. तीस वर्षांच्या धंद्यात अशी चूक मी केली नव्हती.

उसवून बदलायला दहा मिनिटं लागली असती. मी म्हटलं, जाऊ दे, कोण घालणार आहे.

२

नऊच्या सुमाराला मी शेंगापोळ्या लाटत होते. पुढच्या दाराची कडी वाजली. वाटलं केराबाई असेल. ती आमची काज-बटणवाली, तयार शर्ट द्यायला येणार होती. बाहेर येऊन बघते तर दारात महेश.

मी जे ओरडले ते गल्लीत ऐकू गेलं असेल. लाटणं हातातच होतं. ते टाकून मी त्याला मिठी मारली, मग त्याच्या दंडावर दोन ठेवून दिल्या, मग परत मिठी मारली. "मेल्या, कुठं होतास? जिवंत आहेस का नाहीस एवढं तरी कळवायचं होतंस!" रडू आणि हसू एकदमच येत होतं. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता, हे आत्ताही सांगते.

"तू सांग की अक्का, कशी आहेस," तो म्हणाला. आवाज तोच, जरा बसका.

त्यानं आत पाऊल टाकलं आणि दार लावलं. पाठीमागं हात नेऊन लावलं, वळला नाही. कडीसुद्धा न बघता लावली. मला वाटलं, सवय मोडत नाही माणसाची, घरची कडी हाताला आठवते.

अव्वा आतनं हाका मारत होती. तो तिच्या खाटेवर भिंतीला पाठ लावून बसला. अव्वानं त्याचं तोंड चाचपलं. कपाळ, नाक, हनुवटीवरची खाच. "ऊटा आय्तेनो?" तिनं विचारलं. जेवलास का रे. नऊ वर्षांनी आलेल्या पोराला तिनं पहिलं हेच विचारलं.

"आय्तव्वा," तो म्हणाला.

अव्वा त्याला कुशीत घ्यायला बघत होती, पण तो भिंतीपासून सुटेना. मग तिनं त्याचं डोकं पुढनंच छातीशी धरलं. मी चुलीकडं वळले, पोळी करपत होती. पोळी उलटताना माझी नजर परत त्याच्या शर्टावर गेली. चौकडीचा, चॉकलेटी. मीच शिवलेला, जाताना त्याच्या अंगात होता तो. कॉलरची घडी नऊ वर्षांत विरते, कापड कुठलंही असू दे. ही विरली नव्हती. मनात आलं, जपून वापरला असेल. बहिणीनं शिवलेला म्हणून ठेवला असेल बाजूला, आणि आज मुद्दाम घातला असेल. या विचारानं मला परत रडू आलं.

३

भाऊबीजेला आमच्यात बहीण भावाला तेल लावून न्हाऊ घालते. मी तेल कोमट केलं, पाणी काढलं. "ये, पाठ दे," म्हटलं.

"अंघोळ करून आलोय, अक्का."

"मग तेल तरी."

"नको की. नवा शर्ट दे, तो घालतो."

मला ओशाळल्यासारखं झालं. ट्रंकेत आठ चांगले शर्ट आणि इस्त्रीच्या टेबलावर तो अर्ध्या तासात उरकलेला. मी ट्रंक उघडायला गेले, तर तोवर त्यानं पुढच्या खोलीत जाऊन टेबलावरचा शर्ट उचललासुद्धा. दोन मशिनींच्या मधल्या कोपऱ्यात उभा राहून बदलला. मी दारातनं बघत होते. बटणं लावली, कफ लावले, हात खाली सोडले.

दोन्ही कफ बरोबर मनगटाच्या हाडावर बसले होते.

मी जवळ गेले. उजवी बाही चोवीस, डावी पंचवीस, हे मी सकाळी टेपनं मोजलं होतं. लांब बाही हातावर आली की कफापाशी चुण्या पडतात, नाहीतर ती तळव्यावर उतरते. चुणी नव्हती. शिवण खांद्यावर जिथं बसायला पाहिजे तिथंच बसली होती.

"हात सरळ सोड बघू," मी म्हटलं. त्यानं सोडले. डाव्या हाताची बोटं उजव्यापेक्षा एक इंच खाली होती.

तेवढ्यात कडी वाजली. मी दार उघडलं तर केराबाई, शर्टांचं गाठोडं डोक्यावर. महेशला तिनं कधी बघितलं नव्हतं, पण गोष्ट सगळी ठाऊक होती. "आगं बाई, ह्योच का तुमचा भाऊ? लई झ्याक झालं की ओ ताई! आता मी बी निगते सांगोल्याला, माजा भाऊ वाट बगत आसंल." मग तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तीही धंद्यातलीच. "ताई, ह्यांचा डावा हात लांब हाय न्हवं? तुमी बराबर माप घेतलंय बगा. शिवावं तर तुमीच."

म्हणजे माझ्या डोळ्यांचा दोष नव्हता.

ती गेल्यावर मी नेहमीचं वाक्य बोलले, गिऱ्हाइकाला बोलते ते. "फीर जरा, मागनं बघू दे."

"बसलाय की बरोबर," तो म्हणाला, आणि भिंतीच्या कडेकडेनं आत अव्वाकडं गेला.

४

मी काही भोळी बाई नाही. अंगात येणं, पछाडणं, असलं मी मानत नाही. ओझं उचलून उचलून एका बाजूचा खांदा उतरतो, हमालांची मापं घेतलीत मी. मशिनीत हात अडकून खेचला गेला तरी असं होत असेल. नऊ वर्षं माणूस कुठं काय करत होता, कुणाला माहिती? पण माझ्या चुकीइतकाच, बरोबर एक इंच? मला भीती वाटायच्या आधी उत्सुकताच वाटली. खोड ती खोड.

शेंगापोळीवर तूप घालून मी त्याच्यासमोर बसले. अव्वा त्याचा हात धरून होती.

"तुझा तो मित्र होता बघ, ज्याच्या गाडीवरनं चिंचोळीला जायचास. काय रे नाव त्याचं?" मला ते नाव कधीच माहिती नव्हतं.

तो हसला. "तू सांग की."

"आणि एवढी वर्षं राहिलास कुठं?"

"तू सांग की अक्का, तुझं काय चाललंय." पोळीचा तुकडा मोडून त्यानं तोंडात घातला. "शेंगा जाड कुटल्यास. मला अशाच आवडतात."

मला आवडतात जाड कुटलेल्या. त्याला कशा आवडायच्या? मी खूप आठवून बघितलं. आठवेना.

मग मी मुद्दाम खोटं बोलले. "लहानपणी तुला इस्त्रीचा चटका बसला होता, आठवतं का? डाव्या मनगटावर. केवढा रडला होतास."

"आठवतं की," तो म्हणाला. डाव्या हाताचा कफ सोडून त्यानं बाही वर सरकवली आणि मनगट माझ्यासमोर धरलं. इस्त्रीच्या टोकाचा त्रिकोणी डाग, कडेला जरा पिवळट.

मी माझा पदर मनगटावर ओढून घेतला. पदराखाली माझ्या डाव्या मनगटावर तोच डाग आहे, त्याच जागी. चटका मला बसला होता. सातवीत असताना. महेश तेव्हा तीन-चार वर्षांचा होता आणि दारात उभा राहून बघत होता.

"व्हय गं," अव्वा म्हणाली, "लई रडलं होतं लेकरू." तिला माझंच ऐकून तसं आठवायला लागलं होतं.

विचारायला आणखी दहा प्रश्न होते, ते मी गिळले. आता काही बोलायचं म्हणजे जपून बोलायचं, एवढं मला कळलं. कारण जे बोलेन ते त्याच्या अंगावर उठणार होतं.

५

"शर्ट दे," मी म्हटलं. "डावी बाही चुकलीय माझी. नीट करून देते."

त्यानं माझ्याकडं बघितलं, पण नाही म्हणाला नाही. बनियनवर भिंतीला टेकून बसला. मी शर्ट घेऊन पुढच्या खोलीत आले आणि मधलं दार ओढून घेतलं.

टेबलावर बाही पसरली. कफ उसवला, कफाच्या वर एक इंचावर खडूनं रेघ मारली. रोजचं काम. मोठी कात्री घेतली, पातं रेघेवर ठेवलं, आणि जरासं मिटलं. कापलं नव्हतं अजून, कापड नुसतं पात्यात धरलं होतं.

"लीले!" आतनं अव्वा. "अगं, ह्याचा हात बघ गं. गार पडलाय एकदम. बोटं आखडायलीत."

मी कात्री उचलली. "आता?"

"आता... आता बरंय. काय झालं होतं रे?"

योगायोग असतो. थंडी असते. जागरण, प्रवास. मी स्वतःला हे सगळं सांगितलं. आणि खोटं कशाला बोलू, मी परत कात्री लावली. या वेळी जरा जोरात.

"अक्का," आतनं त्याचा आवाज आला. ओरडला नाही, अगदी हळू बोलला. "नको की."

मधलं दार बंद होतं. टेबल त्याला दिसत नव्हतं.

कात्री मी खाली ठेवली, पाती उघडीच. मग सुई घेऊन हातानंच कफ जसा होता तसा परत जोडला, लांबच. जोडताना मला त्या बाहीची कीव आली, आणि स्वतःची लाज वाटली. पहिल्या वर्षीचा शर्ट बघा. हातानं कॉलर घातली होती, एकेक टाका मोजून. त्या वर्षी का नाही आला हा? जेव्हा मला त्याचं सगळं आठवत होतं तेव्हा? आला तो यंदा, जेव्हा मी म्हटलं, कोण घालणार आहे.

६

अव्वाला बारापासून घाई झाली होती. "ओवाळ गं लवकर. नऊ वर्षं राहिलंय."

काय करायचं? याला ओवाळायचं का नाही, हा प्रश्न मी सुपारी शोधताना, वात वळताना, स्वतःला विचारत होते. ओवाळलं की भाऊ होतो. गल्लीतल्या कुणाला ओवाळलं तरी तो जन्माचा भाऊ होतो. मग याला ओवाळलं तर? आणि नाही ओवाळलं, परत एकदा ताट घेऊन उठले, तर अव्वाला काय सांगू? ती लुगड्याच्या पदरानं डोळे पुसत, उजेड कुठं लागतोय तिकडं तोंड करून बसली होती. तिच्या तोंडावर असलं हसू मी बाबा गेल्यापासून बघितलं नव्हतं.

मी पाट मांडला. पुढच्या खोलीत, भिंतीला चिकटून. त्याला सोयीचं व्हावं म्हणून मीच तसा मांडला, बघा. भोवती रांगोळी काढायची तर एका बाजूला भिंत आली, तीन बाजूंनीच काढली.

तो परत तोच शर्ट घालून बसला. मी कपाळावर विभूती ओढली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. कपाळ उबदार होतं. याच जागी मागच्या वेळी थांबले होते. ताट उचललं.

"महेश," मी म्हटलं, "चुकलं माझं. असा दिवा घेऊन उठायला नको होतं."

"माझंही चुकलं अक्का. नातेपुत्याला जा म्हणायला नको होतं. तुझं घर आहे हे."

हेच वाक्य मी नऊ वर्षं त्याच्या तोंडी घालत होते. मशीन चालवताना, भाजी निवडताना. शब्दन् शब्द हेच. ऐकायला इतकं बरं वाटलं की काय सांगू. पण खरा महेश काय म्हणाला असता? तो माझ्यासारखाच तोंडाळ होता. भांडला असता बहुतेक.

तरी मी ओवाळलं. तीन वेळा, पूर्ण. ज्योत हलली नाही. निरांजनाच्या उजेडात त्याचं तोंड इतकं साधं दिसत होतं, माझ्या भावाचं तोंड.

"वाक की रे, नमस्कार कर अक्काला," अव्वा म्हणाली.

त्यानं बसल्या बसल्या हात जोडले. वाकला नाही. मग ताटात टाकायला खिशात हात घातला आणि काढला तर मीच विसरलेला खडूचा तुकडा. तोच ताटात ठेवला. आम्ही दोघंही हसलो. आयुष्यात मी इतकी घाबरून कधी हसले नव्हते.

७

तीन वाजता तो निघाला. अव्वानं राहा राहा म्हणून जीव काढला, तो म्हणाला, पुढच्या भाऊबीजेला येतो की. शेंगापोळ्या बांधून दिल्या. अव्वा थकून खाटेवर आडवी झाली.

मी त्याला दारापर्यंत सोडायला आले. तो उंबऱ्याकडं उलट्या पावलांनीच गेला, माझ्याकडं बघत, बोलत. मागं हात नेऊन कडी काढली, पायरी उतरला, आणि गल्लीत उभा राहिला. ऊन होतं, समोरची पोरं फटाक्यांची रिकामी नळकांडी गोळा करत होती. तो तिथंच उभा. मीही उभी.

"जा की," मी म्हटलं.

"तू आत जा, अक्का."

"मी बघते तुला कोपऱ्यापर्यंत."

त्याचं तोंड उतरलं. "तू आत गेल्याशिवाय मला जाता येत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दिवसभर त्यानं मला पाठ दाखवली नव्हती. तेल नको, नमस्कार नको, फीर म्हटलं तर फिरला नाही. आणि नऊ वर्षांपूर्वी तो या दारातनं गेला तेव्हा मी आत होते, कडी लावून. त्याला जाताना मी बघितलंच नव्हतं.

"महेश, मागं काय आहे रे तुझ्या?" मी विचारलं. हळूच विचारलं, पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"मला माहिती नाही," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. "तुला माहिती नाही ना, अक्का. मग मला कसं माहिती असणार?"

मी तशीच उभी राहिले. बघायचं होतं मला. असं काही बघायची संधी कुणाला मिळते? मी नुसती उभी राहिले असते, तासभर, दोन तास, तर कधीतरी त्याला वळावंच लागलं असतं. पण तो माझ्याकडं बघत होता, लहानपणी अंधारात मोरीकडं जाताना माझा हात धरायचा तेव्हा बघायचा तसं. माझा जीव तुटला. भाऊ असो नसो, मी त्याला ओवाळलं होतं. त्याचं काही उसवायचं नव्हतं मला.

"ये पुढच्या वर्षी," मी म्हटलं, आणि वळले. नऊ वर्षांपूर्वी रागानं वळले होते.

वळले आणि समोर आरसा.

दोन पावलं टाकली असतील. आरशात माझ्या खांद्यावरनं उघडं दार दिसत होतं, गल्ली, आणि तो. मला पाठमोरी झालेली बघून तोही वळला. निळसर शर्टाची पाठ दिसली, माझी शिवण, सरळ. कॉलर दिसली. कॉलरच्या वर मान असते, केस असतात. तिथं निळसरच काहीतरी वरपर्यंत गेलं होतं, सपाट, आणि त्यावर खडूची एक अर्धवट रेघ होती. पुढं कशी न्यायची ते न कळून मध्येच सोडलेली. माझ्या हाताची रेघ मी ओळखते.

मी डोळे मिटले. गल्लीतली पावलं कोपऱ्यापर्यंत ऐकली. मग दार लावलं.

आज त्याला तीन आठवडे झाले. ट्रंकेतला पहिला शर्ट काढून मी टेबलावर ठेवलाय, माप म्हणून. एक वही केलीय. त्यात महेशचं जे जे खरं आठवतं ते लिहिते, नुसतं खरं. हनुवटीची खाच. उजव्या पायाचं वाकडं नख. रोज दोन-तीन ओळी होतात, मग पेन थांबतं. केराबाई विचारते, ताई, हे कसलं माप लिवताय? मी म्हणते, पुढच्या दिवाळीचं.

काल दुपारी अव्वाच्या केसांना तेल लावताना तिला विचारलं, "अव्वा, महेशच्या डोक्यात मागं भोवरा होता ना गं?"

"होता की."

"एक का दोन?"

"एक," अव्वा लगेच म्हणाली. तिचं तोंड उजेडाकडं होतं. "का दोन होते गं?" तिनं विचारलं. "तू बघितलंस की परवा, जाताना. तूच सांग की."

वहीत ती ओळ मी मोकळी ठेवलीय.